रॅम्पला प्रमाणपत्र लागत नाही

2024 च्या जुलैत पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रांवरून गदारोळ उठला आणि महिनाअखेरीस केंद्रीय लोकसेवा आयोगाने ती उमेदवारी रद्द केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण तेव्हापासून दिव्यांगांच्या हक्कांविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती एकाच प्रश्नाभोवती फिरते: खरा दिव्यांग कोण आणि खोटा कोण? त्याच दिवसांत एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याने, विमान कंपनी दिव्यांग वैमानिक ठेवते का, दिव्यांग सर्जनवर तुम्ही विश्वास ठेवाल का, असे जाहीरपणे विचारून राखीव जागांवरच बोट ठेवले. आता कुठेही एखादे बनावट प्रमाणपत्र सापडले की सरसकट फेरतपासणीची मागणी येते, ‘सवलती बंद करा’चा सूर लागतो, आणि दिव्यांगांच्या बाजूने बोलणारेही ‘आम्ही खरे आहोत’ हे पटवण्यातच दमून जातात.

माझे म्हणणे असे की ही सगळी चर्चा कायद्याच्या एका कोपऱ्यात अडकून पडली आहे. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात दोन प्रकारचे हक्क आहेत. पहिले वाटणीचे: सरकारी नोकरीत किमान 4 टक्के, उच्च शिक्षणात किमान 5 टक्के राखीव जागा. जागा मोजक्या असतात, एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते, म्हणून तिथे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट, वैद्यकीय मंडळ आणि प्रमाणपत्र हवेच. दुसरे हक्क वापराचे: इमारतीत शिरता येणे, बसमध्ये चढता येणे, संकेतस्थळ वाचता येणे, परीक्षेत उत्तर लिहिता येणे. यातला मोठा भाग असा आहे की तिथे प्रमाणपत्राचा संबंधच येत नाही. रॅम्पवरून धडधाकट माणूस गेला म्हणून व्हीलचेअरवाल्याचा रॅम्प कमी होत नाही. लिफ्टमधली मजल्याची घोषणा सगळ्यांनी ऐकली तरी अंध व्यक्तीच्या वाट्याची उरतेच. मग पहिल्या भागातल्या लबाडीचा पुरावा घेऊन संपूर्ण कायद्याला संशयाच्या पिंजऱ्यात का उभे करायचे?

लबाडी होते, हे आधी मान्य केले पाहिजे. अल्पदृष्टी, श्रवणदोष, मानसिक आजार यांचे मोजमाप अवघड असते आणि बनावटगिरीला वाव तिथेच मिळतो. तिच्यामुळे खऱ्या हक्कदाराची जागा जाते, म्हणून कठोर कारवाई मागणारे चूक नाहीत. कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. कलम 91 नुसार लक्षणीय, म्हणजे किमान 40 टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आता त्याच कायद्याचे कलम 89 पाहा. कायद्याच्या तरतुदी मोडणाऱ्याला पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक खेपेस पन्नास हजार ते पाच लाख. कैद नाही. म्हणजे खोटे प्रमाणपत्र वापरणारा तुरुंगात जाऊ शकतो, आणि हजारो लोकांना दारातूनच परत पाठवणारी इमारत बांधणारा फार तर दंड भरून सुटतो. असे असताना ‘कायदा दिव्यांगांचे फार लाड करतो’ हे म्हणणे कशाच्या आधारावर टिकते?

वैमानिकाचा आणि सर्जनचा दाखला ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो कायदा न वाचता दिलेला आहे. कोणती पदे कोणत्या प्रकारच्या दिव्यांगांना करता येतील ते तज्ज्ञ समितीकडून ठरवून घ्यायची तरतूद कलम 33 मध्ये आहे. एखाद्या आस्थापनेला कामाच्या स्वरूपामुळे आरक्षणातून वगळायची सोय कलम 34 मध्ये आहे. अंध व्यक्तीला विमान चालवू द्या असे कुणी मागितलेलेच नाही. उलट, कामाशी संबंध नसलेल्या शारीरिक अटी लावून माणसे वगळल्याचा इतिहास मात्र आपल्याकडे आहे. इरा सिंघल 2010 ची नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण ढकलणे, ओढणे, उचलणे जमणार नाही म्हणून त्यांना महसूल सेवेत नेमणूक नाकारली गेली. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणापर्यंत जाऊन त्यांनी ती मिळवली, आणि 2014 च्या परीक्षेत त्या सर्व उमेदवारांत देशात पहिल्या आल्या. महसूल अधिकाऱ्याने नेमके काय उचलायचे असते? 2024 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले: वाचा-दोषाची टक्केवारी ठरावीक आकड्यापुढे गेली एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, अभ्यासक्रम तो प्रत्यक्ष पूर्ण करू शकतो का ते मंडळाने तपासले पाहिजे.

त्याआधी, 11 फेब्रुवारी 2021 रोजी, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालाने आणखी एक गाठ सोडवली होती. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो 40 टक्क्यांच्या कक्षेत बसत नव्हता. न्यायालयाने सांगितले की 40 टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या लाभांपुरती आहे; वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे. हा निकाल येऊन इतकी वर्षे झाली तरी महाविद्यालयांतून ‘40 टक्के आहेत का?’ हाच पहिला प्रश्न विचारला जातो. चुकीच्या चर्चेचे हे फळ आहे. आपण टक्का इतका घोकला की टक्का नसला तर हक्कच नाही असे वाटू लागले.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा खर्चाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जुन्या शाळा, दाटीवाटीच्या पेठा, दोन खोल्यांचे तलाठी कार्यालय, पहिल्या मजल्यावरची पतपेढी. पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न संसदेपुढे नवा नव्हता. 1995 च्या पहिल्या कायद्यात रस्ते, वाहतूक आणि इमारती सुगम्य करण्याचे कर्तव्य ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’ घातले होते. त्या एका वाक्यांशाने वीस वर्षे खाल्ली. प्रत्येक संस्थेची क्षमता नेमकी रॅम्पपाशी संपायची. 2016 च्या कायद्याने सुगम्यतेच्या कलमांतून तो वाक्यांश काढला. कलम 44 म्हणते की मानकांनुसार आराखडा नसेल तर बांधकाम परवानगी नाही, आणि मानके पाळली नसतील तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, नाही. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम 15 जून 2017 चे आहेत, म्हणजे मुदत 2022 च्या जूनमध्येच संपली. सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी असाही एक गैरसमज आहे. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही तिच्यात येते: दुकान, दवाखाना, शाळा, नाट्यगृह, देऊळसुद्धा.

खर्चाला कायद्यात जागाच नाही असे मात्र नाही. एका व्यक्तीसाठी, तिच्या गरजेप्रमाणे करायची ती ‘वाजवी सोय’. ती करताना संस्थेवर प्रमाणाबाहेर भार पडू नये असे व्याख्येतच लिहिले आहे. सुगम्यता वेगळी. कुणी मागण्याची वाट न पाहता, सगळ्यांसाठी आधीच करून ठेवायची ती सुगम्यता, आणि तिच्यात भाराची सबब चालत नाही. 8 नोव्हेंबर 2024 च्या राजीव रतूडी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक सविस्तर मांडला. 2017 च्या नियम 15 ने सगळा डोलारा शिफारशीवजा मार्गदर्शक सूचनांवर उभा केला होता. कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो आणि नियम ‘केलेले बरे’ म्हणतात हे चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने नियम 15 चा पहिला पोटनियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक, तडजोड न होणारी किमान मानके तीन महिन्यांत करायला सांगितले. खर्चाची भीती घालणाऱ्यांनी हा निकाल वाचला तर त्यांनाही दिलासा मिळेल. किमान काय करायचे ते एकदा ठरले की संस्थेला अंदाजपत्रक तरी करता येते. आज ते कुणालाच करता येत नाही, म्हणून एकतर काहीच होत नाही किंवा फोटोपुरते होते.

फोटोपुरते केलेले काम न केलेल्यापेक्षा वाईट असते. जमिनीपासून 450 मिलिमीटर उंच जोते आहे, म्हणजे साधारण तीन पायऱ्या. उताराचे प्रमाण 1:12 हवे, म्हणजे 450 ला बारा पट, 5.4 मीटर लांबीचा रॅम्प. शिवाय वर आणि खाली व्हीलचेअर वळेल इतकी, 1500 मिलिमीटरची सपाट जागा. प्रत्यक्षात त्या तीन पायऱ्यांच्या कडेला दीड मीटर लांबीचा सिमेंटचा उतार ओतला जातो. त्याचे प्रमाण 1:3.3 पडते, कोन जवळजवळ 17 अंश. 1:12 चा कोन पाच अंशांहूनही कमी असतो. अशा उतारावर स्वतःच्या हातांनी व्हीलचेअर चढवता येत नाही, आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. त्यावर चकचकीत फरशी बसवली की पावसाळ्यात तो धोका दुप्पट होतो. कडेला उंचवटा नसेल तर पुढचे छोटे चाक घसरून खाली जाते. वरच्या टोकाला दार बाहेर उघडत असेल तर ते ओढताना खुर्ची मागे न्यावी लागते, आणि मागे उतार असतो. पायथ्याशी दुचाकी लावलेल्या असतात. पावसाचे पाणी जाण्यासाठी केलेल्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असल्या तर चाक त्यात रुतते. त्या आडव्या हव्यात. यातल्या एकाही गोष्टीला जास्त पैसे लागत नाहीत. नकाशा काढणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने टेप हातात धरायची असते, एवढेच.

पाच मीटर जागाच नसेल तर? हा प्रश्न खरा आहे. रॅम्प वळवून घेता येतो, मधे सपाट टप्पा देऊन. तेही शक्य नसेल तर कमी उंचीसाठी खुर्चीसकट माणसाला वर नेणारा उचलमंच मिळतो. आणि कुठलेच बांधकाम शक्य नसेल तर सेवा खाली आणता येते. 2023 मध्ये मुंबईत लिफ्ट नसलेल्या विवाह नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणाऱ्या वधूला उचलून न्यावे लागले. अधिकारी रजिस्टर घेऊन तळमजल्यावर आला असता तर किती खर्च आला असता? उचलून नेणे ही सोय नव्हे. त्यात पडण्याचा धोका आहे, आणि अनोळखी हातांनी आपल्याला उचलावे की नाही हे ठरवायचा अधिकार त्या व्यक्तीकडून काढून घेतला जातो.

स्वच्छतागृहाची गोष्ट याहून क्लेशदायक आहे, कारण त्याच्यावर कुणी बोलत नाही. व्हीलचेअरचे चिन्ह दारावर असते, दाराला कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते आणि आत झाडू, बादल्या, जुन्या फायली. कुलूप नसले तर दार आत उघडते. खुर्ची आत गेल्यावर ते लावता येत नाही, आणि आत कुणी पडले तर बाहेरून ढकलूनही उघडत नाही. म्हणून दार सरकते किंवा बाहेर उघडणारे, मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, आतून हलक्या हाताने लागणारी कडी, भांड्याच्या बाजूला खुर्ची उभी राहील इतकी जागा, आणि माणसाचे पूर्ण वजन पेलेल अशा पक्क्या भिंतीत बसवलेल्या आधारपट्ट्या हव्यात. अशी सोय नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिता नोकरी करणाऱ्या स्त्रिया आहेत. मूत्रमार्गाचे आजार त्यातूनच होतात.

पदपथांवरच्या पिवळ्या फरश्यांचेही तसेच. रेघांची फरशी म्हणजे ‘या दिशेने चालत राहा’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे वळण, पायरी किंवा रस्ता आहे’. ठेकेदाराला हे कुणी सांगत नाही. मग सगळीकडे ठिपकेच बसतात, किंवा रेघा सरळ विजेच्या खांबाला जाऊन भिडतात. काही ठिकाणी सौंदर्यीकरणाच्या नावाखाली पिवळ्याऐवजी आजूबाजूसारख्याच करड्या फरश्या लावतात. अल्पदृष्टी असलेल्यांना रंगातल्या फरकाचा जो उपयोग होतो तो तिथेच संपतो. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी वाहने रोखण्यासाठी ठोकलेल्या खुंट्यांमधून व्हीलचेअर जात नाही, याची 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा आहे. पण ज्या स्थानकांत फलाटावर पोहोचायला पादचारी पूल आणि त्याच्या पायऱ्या एवढीच वाट आहे, तिथे तो डबा कुणासाठी? वाटणीचा हक्क दिला आणि वापराचा दिला नाही की असेच होते.

‘आमच्याकडे कुणी दिव्यांग येतच नाही’ हे उत्तर बँकेपासून ग्रंथालयापर्यंत सगळीकडे ऐकू येते. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग होते, महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार. आणि ती गणना आठच प्रकारांची होती. आजचा कायदा एकवीस प्रकार मानतो. ही माणसे राहतात कुठे? पाच पायऱ्यांच्या दारात व्हीलचेअर दिसत नाही, याचा अर्थ व्हीलचेअर वापरणारे नाहीत असा लावणारा माणूस परिणामालाच कारण समजतो आहे.

आपल्याला हे तर्कट नवे नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, पण तीन वर्षे तिथे कुणी पाणी पिऊ शकले नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हा त्या ठरावाची परीक्षा झाली आणि सनातन्यांनी काय केले ते आपण जाणतो. जातीय अत्याचार आणि दिव्यांगांची अडवणूक या सारख्या गोष्टी नाहीत. तिथे द्वेष होता, हिंसा होती. इथे बहुतेक वेळा बेफिकिरी असते. पण ठराव आणि पाणी यांच्यातले अंतर ठरावाने मिटत नाही, हे महाराष्ट्राला शिकवायला बाहेरून कुणी यावे लागू नये.

अमेरिकेतही हेच घडले. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत दिव्यांगांशी भेदभाव करू नये, असे 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 ने सांगितले. पण नियमांवर चार वर्षे सही होईना. 1977 च्या एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या संघराज्य सरकारी इमारतीत दिव्यांगांनी मुक्काम ठोकला, तीन आठवड्यांहून अधिक काळ हलले नाहीत, आणि 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. कायदा झाला, नियम अडले: 2016 ते 2024 या काळात आपण नेमके तिथेच उभे होतो.

ऐतिहासिक वास्तूंचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर रॅम्प कुणी मागत नाही. पण 2001 मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनार आणि लाल किल्ल्यासारख्या ठिकाणी दगडाला धक्का न लावता लाकडी रॅम्प उभे राहिले होते. पाहुण्यासाठी जे जमते ते तिकीट काढून आलेल्या नागरिकासाठी का जमत नाही? आणि रायगडाला रोपवे झाला म्हणून त्याचे पावित्र्य कमी झाले नाही.

संकेतस्थळांबाबत मात्र खर्चाचा मुद्दाही उरत नाही. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याच्या बँकांच्या पद्धतीविरुद्ध आम्लहल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मराठीत याची एक खास अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आदेश आणि जाहिराती पडद्यावर व्यवस्थित दिसतात, पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, त्यातून एकतर अर्थहीन अक्षरे वाचते किंवा काहीच वाचत नाही. तपासायला सोपे आहे: पीडीएफ उघडा आणि त्यातला एक मराठी शब्द शोधा. सापडला नाही तर अंध वाचकाच्या लेखी ते पान कोरे आहे. मग माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब कळ दाबत अर्ज भरून पाहा. जिथे अडकाल तिथे तोही अडकतो, आणि चित्रातली अक्षरे ओळखायला सांगणारी चौकट आली की अर्ज तिथेच संपतो.

तक्रार करायची तर प्रमाणपत्राचा टक्का सांगण्याने सुरुवात करू नका, मोजमापाने करा. रॅम्पची एकूण उंची आणि लांबी टेप लावून मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा, दाराची मोकळी रुंदी लिहा. माहिती अधिकारात नगररचना विभागाकडे तीन गोष्टी मागा: त्या इमारतीच्या बांधकाम परवानगीची आणि भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, मंजूर नकाशात दाखवलेला रॅम्प आणि स्वच्छतागृह, आणि सुगम्यतेची तपासणी करून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम. मग हे सगळे जोडून संस्थेला लेखी द्या आणि प्रत पुण्यातल्या दिव्यांग राज्य आयुक्तांकडे पाठवा. आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाने कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचे असते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे लेखी द्यायची असतात. ती लेखी कारणे मागून घ्या. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर जून 2017 नंतर भोगवटा मिळालेली इमारत, मंजूर नकाशात 5.4 मीटरचा रॅम्प आणि जागेवर दीड मीटरचा, एवढे कागद पुरेसे बोलतात.